बुटीबोरी ते न्हावा शेवा: मे महिना आणि 18 चाकांची हवा

गाडी 40 फुटी कंटेनरची, माल सुताचा, रस्ता समृद्धीचा. नागपूरजवळ शिवमडक्याला चढलो तो भिवंडीजवळ आमण्यालाच उतरलो. विदर्भात ऊन असं, की दुपारी दाराच्या कडीला हात लावता येत नव्हता.

निघायच्या आधी पहाटे साडेपाचला हवा बघितली. टायर थंड असतानाचाच आकडा खरा, म्हणून ही वेळ. आमच्या 10.00 आर 20 रेडियलला भरल्या गाडीत 120 पीएसआय ठेवतो. तुमच्या टायरचा आकडा कंपनीच्या तक्त्यात, ॲक्सलवरच्या वजनासमोर बघा.

क्लीनर पोरगा टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, टायर ठोकून आला, "सगळे टणक आहेत, भाऊ." गेज लावला तर ट्रेलरच्या मधल्या ॲक्सलला, क्लीनर साइडचा, म्हणजे डावीकडचा, आतला टायर 104! एवढा फरक कानाला कळत नाही. आमच्या 18 चाकांत 8 आतली, आणि हात पोचत नाही म्हणून नेमकी तीच बघायची राहतात. जोडीतल्या एकाची हवा उतरली की ओझं शेजारच्यावर जातं. उतरलेल्याचा गाल, म्हणजे टायरची बाजू, प्रत्येक फेऱ्याला दबतो आणि आतून तापत जातो. समृद्धीवर ना घाट, ना गाव, तासन्‌तास एकच वेग. तापलेल्या टायरला निवायला उसंतच मिळत नाही.

120 भरून निघालो. कारंज्याच्या पुढे थांबून उलट्या हाताने एकेक टायर चाचपला. गेजवर बाकीचे 134-135 आणि तो आतला 121. इथेच माणूस फसतो. 121 बघून बरं वाटतं, पण गरम टायरला 121 म्हणजे हवा जातेय. हवा भरायच्या नळीच्या, म्हणजे वॉलच्या, तोंडाला थुंकी लावली, तर बारीक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. आतल्या चाकाला बाहेरून हवा भरता यावी म्हणून लावलेल्या लांब वॉलची जोडणी ढिली होती. ती आवळली, वॉलमधली पिन बदलली, कॅप लावली, पुढच्या पंपावर त्या एकट्यात हवा भरली आणि शेजाऱ्याच्या बरोबरीला आणला.

बाकीच्यांच्या 135 ला मात्र हात लावला नाही. गरम टायरची वाढलेली हवा सोडू नका. निवल्यावर तोच टायर कमी भरतो.

आणखी एक, जिवाशी संबंध आहे म्हणून सांगतो. 120 चा टायर 96 च्या खाली जाऊन तसाच चालला असेल तर तो पंक्चरच समजा. नुसती हवा मारून पुढे जाऊ नका. गालातल्या पोलादी तारा मोडलेल्या असतात, भरतानाच गाल फाटतो. काढून आतून बघायला लावा, टायर फुटला तरी अडवणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरायला सांगा, आणि तुम्ही समोर उभे राहू नका.

इगतपुरीचा बोगदा संध्याकाळी पार केला. दुसऱ्या दिवशी पहाटे, बंदराच्या रांगेत, पोरगा स्वतःहून गेज घेऊन खाली वाकला. आतला टायर 119. परतीच्या आधी ती लांब वॉल नवी टाकून घेतली.