कांगारू उंदीर खरंच पाणी पीत नाही का?

अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या वाळवंटांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: कांगारू उंदीर (मागच्या पायांवर उड्या मारणारा उंदरासारखा छोटा प्राणी) आयुष्यभर थेंबभरही पाणी न पिता जगतो म्हणतात, ते खरं का? आणि खरं असेल तर कसं? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

जगू शकतो, हे खरं. ‘कसं’ याला मात्र बहुतेक जण ‘त्याची मूत्रपिंडं भारी असतात’ एवढं सांगून मोकळे होतात. मूत्रपिंडं भारीच आहेत, पण पाण्याची मोठी गळती तिथे नाहीच.

आधी जमाखर्च पाहू. क्नूट आणि बोडिल श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञ दांपत्याने 1940च्या दशकाच्या उत्तरार्धात ॲरिझोनात या प्राण्यावर काम केलं, आणि पुढचे आकडे त्यांचेच. त्यांनी अभ्यासलेली जात, मेरियमचा कांगारू उंदीर, जेमतेम 35-40 ग्रॅमची. चार आठवड्यांत तो साधारण 100 ग्रॅम जव खातो. हवा 25 अंश सेल्सियस आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर तेवढ्या जवात मुळातला ओलावा 6 ग्रॅम असतो. आणखी 54 ग्रॅम पाणी शरीरातच तयार होतं, कारण पिष्टातला हायड्रोजन पेशींमध्ये ऑक्सिजनशी जोडला जातो. जमा 60 ग्रॅम. खर्चाच्या बाजूला लघवी 13.5, लेंड्या 2.6 आणि श्वासातून व कातडीतून उडून जाणारी वाफ 43.9. म्हणजे चारातले जवळपास तीन वाटे वाफेत जातात. हवेतली आर्द्रता 10 टक्क्यांच्या खाली गेली की हा ताळा बसत नाही आणि उंदराचं वजन घटू लागतं.

म्हणून खरी करामत नाकात आहे. बाहेरची कोरडी हवा आत येताना नाकाच्या ओल्या भिंतींवरून जाते, तिथलं थोडं पाणी वाफ होतं आणि भिंती थंड पडतात. फुप्फुसातली उबदार, वाफेने भरलेली हवा परतताना त्याच थंड भिंतींना घासून जाते आणि तिच्यातली बरीच वाफ तिथेच पाणी होऊन राहते. 38 अंशांच्या संपृक्त हवेत लिटरमागे सुमारे 46 मिलिग्रॅम वाफ मावते, 25 अंशांना निम्मीच. कोरड्या हवेत कांगारू उंदराचा उच्छ्वास भोवतालच्या हवेपेक्षाही थंड असतो. आपल्या नाकातही हे थोडंफार घडतं, पण आपल्या नाकपुड्या रुंद. त्याच्या नाकातल्या वाटा इतक्या अरुंद, की हवेचा जवळपास प्रत्येक कण भिंतीजवळूनच जातो. हवा गरम आणि दमट असेल तर भिंती थंडच पडत नाहीत आणि ही युक्ती लंगडी पडते.

आता मूत्रपिंडं. त्याची लघवी 5,500 मिलिऑस्मोलच्या (पाण्यात किती क्षार आणि इतर पदार्थ विरघळलेत, ते मोजायचं एकक) आसपास तीव्र होऊ शकते. माणसाची 1,400च्या पुढे सहसा जात नाही, समुद्राचं पाणी साधारण 1,000. (ऑस्ट्रेलियातला स्पिनिफेक्स हॉपिंग माऊस तर 9,000च्या वर जातो, त्यामुळे विक्रमही कांगारू उंदराच्या नावावर नाही.) ही ताकद कधी लागते, ते श्मिट-नील्सन यांच्या सोयाबीनच्या प्रयोगात दिसलं. सोयाबीनमध्ये प्रथिनं भरपूर, प्रथिनं जळली की युरिया बनतो, आणि तो बाहेर टाकायला पाणी खर्ची पडतं. नुसत्या कोरड्या सोयाबीनवर ठेवलेले उंदीर खंगून मेले. सोबत समुद्राचं पाणी दिलेले तगले! आपण ते प्यायलो तर मीठ बाहेर काढायलाच अंगातलं पाणी घालवून बसू.

मग तेलकट बी बरं का? एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ जळला की 1.07 ग्रॅम पाणी मिळतं, पिष्टातून 0.56 ग्रॅमच, म्हणून तसं वाटतं खरं. पण स्निग्ध पदार्थ जाळायला ऑक्सिजन खूप लागतो. एक ग्रॅम पाण्यामागे पिष्टाला साधारण दीड लिटर, स्निग्धाला 1.9 लिटर. जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त श्वास, आणि गळती तर श्वासातच. कोरड्या हवेत पिष्टमय दाणाच किफायतशीर.

बिळाबद्दल मात्र सावध राहा. दिवसभर थंड, दमट बिळात बसतो आणि रात्रीच बाहेर पडतो, असं पाठ्यपुस्तकं सांगतात. ट्रेसी आणि वॉल्सबर्ग या संशोधकांनी 2002 साली सोनोरा वाळवंटातल्या मेरियमच्या कांगारू उंदरांची तपासणी प्रसिद्ध केली. हे उंदीर सहसा एक मीटरपेक्षा खोल जात नाहीत, आणि वर्षातले शंभरहून जास्त दिवस बिळातलं तापमान 30 अंशांच्या वर असतं. थंडावा सगळीकडे मिळतोच असं नाही. शिवाय मोकळ्या रानात हा प्राणी हिरवा पालाही खातो आणि किडेही. प्रयोगशाळेतलं ‘फक्त कोरडं जव’ ही त्याची क्षमता झाली, रोजचं जेवण नव्हे.

एक जात तर दाण्यांवर फारशी विसंबतच नाही. पश्चिम अमेरिकेतल्या ग्रेट बेसिन या कोरड्या प्रदेशातला डिपोडोमिस मायक्रॉप्स हा कांगारू उंदीर सॉल्टबुश नावाच्या झुडपाची पानं खातो. त्या पानांचा वरचा थर खारट. याचे खालचे दात छिन्नीसारखे चपटे, त्यांनी तो थर तासून टाकतो आणि आतला रसाळ हिरवा गर खातो. उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतला सॅमोमिस हा पूर्णपणे वेगळ्या कुळातला उंदीरही खारट झुडपांचीच पानं दातांनी खरवडून खातो. त्याला प्रयोगशाळेतलं नेहमीचं उंदीरखाद्य दिलं तर मधुमेह होतो.

आणि ‘आपल्याकडे आहे का?’ कांगारू उंदराचं कूळ अमेरिका खंडांपुरतंच. थरच्या वाळवंटातला जर्बिल (मेरिओनेस हुरियानी) आपल्या घरच्या उंदरांच्या कुळातला. तोही वाळूत बिळं करून राहतो, पण दिवसाढवळ्या हिंडतो. राजस्थानात गेलात तर तो दिवसा बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा दिसेल. कांगारू उंदीर बघायचा तर टॉर्च घेऊन ॲरिझोनासारख्या ठिकाणीच जावं लागेल.