आमच्या ऑफिसचे फोन बदलताना झालेले हाल

आमचं टॉवेलचं युनिट सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. ऑफिस, डाईंग, पॅकिंग, गेट धरून १४ एक्स्टेन्शन, आणि सगळा कारभार एका जुनाट ईपीएबीएक्सवर, म्हणजे ऑफिसातले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणाऱ्या मशीनवर. यंदा उंदरांनी केबल कुरतडली, डाईंगला लावलेला फोन गेटवर वाजायला लागला, तेव्हा अण्णा म्हणजे आमचे मालक म्हणाले, बास झालं, नवीन बघ. काम माझ्याकडं आलं कारण मला कम्प्युटरचं कळतं असा ऑफिसात माझ्यावर आरोप आहे.

आयपी फोन, म्हणजे नेटवरून चालणारे फोन घेतले. नेटच्याच वायरमधून फोनला करंट देणारा स्विच असतो, पीओई म्हणतात, त्यामुळं अडॅप्टरची कटकट नाही, ते मला लई आवडलं. एका कॉलला साधारण ९० केबीपीएस लागतात, म्हणजे नेट पुरणार हे पण आधीच काढून ठेवलं होतं.

पहिल्याच दिवशी मुंबईच्या एजंटचा फोन आला, त्याचं आम्हाला ऐकू येतंय, आमचं त्याला शून्य, आणि अण्णा हॅलो हॅलो करत लूमच्या वरताण ओरडतायत. फोनवाला म्हणतो नेटचा फॉल्ट, नेटवाला म्हणतो फोनचा, तीन दिवस गेले त्यात. शेवटी डोक्यात आलं की आतल्या आत बोलणं तर व्यवस्थित होतंय, घोळ बाहेर जाताना होतोय, म्हणजे राउटर बघायला पाहिजे. त्यात एसआयपी एएलजी नावाची एक सोय चालू होती. नेटवरून कॉल ज्या डेटाच्या पॅकेटमधून जातो, त्यातले पत्ते ती मदत म्हणून बदलते आणि मग आवाज भलतीकडंच जातो. टिक काढली, राउटर रिस्टार्ट केला, झालं. एका टिकसाठी तीन दिवस!

व्हिडिओ कॉलची खोली लूमच्या भिंतीला लागून, त्यात रिकामी, सगळं घुमायचं. सेकंड क्वालिटीचे टॉवेल आणि दोन चादरी भिंतीवर ठोकल्या, घुमणं गेलं. खटखट राहिलीच, त्यामुळं आपलं बोलून झालं की लगेच म्यूट.

मग एकदा लाइट गेली आणि १४ च्या १४ फोन बंद. अण्णांच्या टेबलावरची डायरेक्ट लँडलाइन लाइट नसली तरी चालायची, तिला करंट एक्स्चेंजमधून यायचा, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. अण्णा काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी स्विच आणि राउटर यूपीएसवर टाकले. ती लँडलाइन आता गेटवर आहे, वॉचमन मामा तिला हात लावू देत नाहीत.