परशुराम घाटातला कापलेला डोंगर

आज चिपळूणहून खेडला जाताना परशुराम घाटात गाडी अडकली, म्हणून खाली उतरून नीट बघितलं. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी डोंगर जवळजवळ उभाच कापलाय. वर सच्छिद्र जांभा दगड, खाली मऊ चिकणमाती. पाऊस जांभ्यातून झिरपतो, माती भिजून ढिली पडते आणि वरचं सगळं खाली येतं. धरून ठेवणारी मुळं तर झाडांबरोबरच गेली. २०२२च्या जुलैत दरडींमुळे घाट बंद ठेवावा लागला होता. पायथ्याला पेढे गाव आहे, माणसं राहतात तिथे! रस्ता हवाच, कोकणी माणूस कित्येक वर्षं त्याची वाट बघतोय. पण उताराला टप्पे पाडा, पाण्याला वाट द्या, आणि दुभाजकात कण्हेर लावून तोडलेल्या वडा-आंब्यांची भरपाई झाली असं कृपया म्हणू नका.