फळ्याचे काम ठीक

बी.एड. केलेल्यांना 'पाठ' (परीक्षकापुढं घ्यायचा सरावाचा तास) म्हटलं की अजून पोटात गोळा येतो की नाही? मला येतो. म्हणून तर गेल्या गुरुवारी इथं अमेरिकेत लेकाच्या शाळेत जे बघितलं ते डोक्यातून जाईना.

मी तिथं चौथीच्या वर्गात मदतीला जाते (नवऱ्यामागं डिपेंडंट व्हिसावर आले, नोकरी करता येत नाही, दुसरं काय करणार). त्या दिवशी ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीतली दोन पोरं पाठ घ्यायला आली, तीही पहिल्या वर्षाची! 'यूटीच' (UTeach) म्हणून प्रोग्रॅम आहे, १९९७ ला इथंच सुरू झालेला, सायन्सची डिग्री आणि टीचिंगचं सर्टिफिकेट चार वर्षांत एकदमच, आणि सुरुवातीलाच जोडीजोडीनं प्रायमरीच्या पोरांपुढं उभं करतात. सामान काय, तर एक सेल, एक बल्ब, एकच वायर. चौथीतल्या एका मुलीनं बल्ब सेलवर टेकवला, वायर खालच्या टोकाला लावली आणि दुसरं टोक तसंच लोंबकळत, मग पेटतोय कुठला. पाठ घेणाऱ्या दोघांतल्या एका पोरानं घाईघाईनं तिच्या हातातलं सगळं घेतलं आणि पेटवून दाखवला.

खरा पाठ त्यानंतर झाला. वर्गाच्या बाई, युनिव्हर्सिटीच्या मास्टर टीचर (आधी शाळेतच शिकवून आलेल्या) आणि ती दोघं, सगळे छोट्या खुर्च्यांवर गुडघे वर करून बसले. मी मागं वायरी गोळा करत होते, कान तिकडंच. प्रश्न एकच, तू बल्ब घेतलास तेव्हा ती पोरगी काय विचार करत होती? त्याला सांगता येईना. कुणी रागावलं नाही, बाई म्हणाल्या मलाही सुरुवातीला हात आवरत नव्हता.

माझी पाठांची वही अजून माहेरी नंदगडला आहे (कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरजवळ). विद्युतधारेच्या पाठावर रिमार्क, 'फळ्याचे काम ठीक. आवाज वाढवावा.' निरीक्षणाला होते इतिहासाचे सर, आणि मी फळ्यावर ॲमीटर (विद्युतधारा मोजायचा, तो एकसरीत जोडायचा असतो) समांतर जोडला होता! ठीक म्हणे!! फिजिक्सवाले त्यांच्या कॉलेजात, शाळेतले मास्तर स्टाफरूममध्ये, एकमेकांची तोंडं कधी बघितली नसतील.

तरी हे सगळं इथल्यांनीच शोधलं असं समजू नका. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादकडच्या १६ शाळांत विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात दिल्ली विद्यापीठ आणि मुंबईच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेची माणसं मास्तरांबरोबर बसून प्रयोग करायची, २००२ ला सरकारनंच बंद केलं ते सोडा. आपल्याच म्हैसूरला आरआयई या शिक्षक घडवणाऱ्या सरकारी संस्थेत चार वर्षांचं बीएस्सी-बीएड कधीचं आहे, खानापूरच्या मराठी शाळेतल्या आम्हाला कुणी सांगितलं नाही एवढंच. आणि इथं टेक्सासात सर्टिफिकेट नसलेलेही सर्रास वर्गावर घेतात. मी तिकडची शिकवायची नोकरी सोडली ती लग्नामुळं, कंटाळून नाही. बरं, थोडी कंटाळूनही.

जुन्या मैत्रिणीला फोन लावला, ती अजून तिथंच शिकवते. म्हणाली, "बी.एड.चे सर, कॉलेजचे सर आणि आम्ही एका खोलीत? कन्नडात बोलायचं की मराठीत, यातच तास जाईल गं." मग जरा थांबून, "एकाच वायरीनं पेटतो काय खरंच?"

फोन तसाच ठेवून ती जुन्या बॅटरीतला बल्ब काढायला गेली, आणि मी इकडं टीव्हीच्या रिमोटमधला सेल काढून बसले, घरात बल्ब नाही काही नाही.