जुलाबाची गोळी आणि वाढलेला आयएनआर

पावसाळ्यात बोअरला नवं पाणी उतरलं की गावोगावच्या मेडिकलवर जुलाब थांबवायची एक गोळी हमखास मागितली जाते. ऑफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली, सकाळ-संध्याकाळ एकेक, पाच दिवस. बहुतेकांना ती सोसते. पण ज्याच्या हृदयाचा वॉल्व्ह बदललेला आहे आणि जो रोज ठरल्या वेळी वॉरफॅरिन किंवा अॅसेनोकुमारॉल ही रक्त पातळ करायची गोळी घेतो, त्याला हीच गोळी आठवडाभरात रक्तस्रावापर्यंत नेऊ शकते.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडं ‘रक्त पातळ करायची गोळी’ म्हणून दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल प्लेटलेटना एकमेकींना चिकटू देत नाहीत. त्यांचा परिणाम आयएनआरमध्ये, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या तपासणीच्या आकड्यात, दिसत नाही (आकडा जितका जास्त तितका रक्तस्रावाचा धोका जास्त). खाली जे लिहिलंय ते मुख्यतः वॉरफॅरिन आणि अॅसेनोकुमारॉलबद्दल आहे. (रक्त खरं तर पातळ होतच नाही, गोठायला वेळ लागतो. पण शब्द रुळलाय, राहू द्या.) पेशंटला गोळीचं नाव सांगता येत नसेल तर रिकामी स्ट्रिप मागवून वाचायची. रंगावरून ओळखायला जाऊ नये.

यकृत व्हिटॅमिन केच्या मदतीनं रक्त गोठवणारे चार घटक बनवतं: २, ७, ९ आणि १०. वापरून झालेलं व्हिटॅमिन के पुन्हा कामाला लागतं. वॉरफॅरिन तिथंच अडसर घालतं. वॉरफॅरिनचा जास्त जोरकस भाग शरीराबाहेर काढायचं काम यकृतातलं सीवायपी२सी९ नावाचं एन्झाइम करतं. मेट्रोनिडाझोल आणि कोट्रायमॉक्सॅझोल ही अँटिबायोटिक त्यालाच अडवतात. नायट्यासाठी सर्रास दिलं जाणारं फ्लुकोनाझोलही तेच करतं. ते अँटिबायोटिक नव्हे, पण धोका तोच. डोस तेवढाच राहतो, शरीरात साठा मात्र वाढतो. ऑर्निडाझोल मेट्रोनिडाझोलच्याच कुळातलं, आणि ऑफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन यांनीही आयएनआर वाढू शकतो. म्हणजे त्या एका गोळीत दोन्ही बाजूंनी भर. त्यात जुलाबाचा माणूस भाकरी-भाजी सोडून साबुदाण्याच्या पेजेवर आलेला, म्हणजे अन्नातलं व्हिटॅमिन के बंद. आतड्यातले जे जिवाणू थोडंफार व्हिटॅमिन के बनवतात तेही औषधानं मेलेले.

फसगत होते ती वेळेमुळं. घटक ७ काही तासांतच कमी होतो, पण घटक २ अर्ध्यावर यायलाच अडीच-तीन दिवस लागतात. त्यामुळं आयएनआर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास चढायला लागतो. नेमके तेव्हा जुलाब थांबलेले असतात आणि माणूस शेतावर गेलेला असतो.

म्हणून अँटिबायोटिक सुरू केल्यावर तीन ते पाच दिवसांत एक आयएनआर, आणि कोर्स संपल्यावर आठवडाभरात दुसरा. दुसरा लोक हटकून टाळतात. पण पहिल्या तपासणीवरून वॉरफॅरिनची गोळी कमी केली असेल, तर कोर्स संपल्यावर तोच कमी डोस अपुरा पडतो आणि वॉल्व्हवर गुठळी धरायची भीती असते. मेट्रोनिडाझोल किंवा कोट्रायमॉक्सॅझोल द्यावंच लागलं तर डॉक्टर बऱ्याचदा आधीच वॉरफॅरिनचा डोस पाव ते तिसरा हिस्सा कमी करतात. हा हिशेब घरी करायचा नाही.

अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, अॅझिथ्रोमायसिन यांचा त्रास तुलनेनं कमी. नायट्रोफ्युरँटॉइनचा त्याहून कमी. क्लॅरिथ्रोमायसिनपासून जपून.

टीबीचं रिफाम्पिसिन उलट्या दिशेनं जातं. ते एन्झाइम वाढवतं, वॉरफॅरिन भराभर संपतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आयएनआर खाली येतो. डोस दुप्पट, कधी त्याहून जास्त करावा लागतो. खरा सापळा सहा महिन्यांनी, टीबीचा कोर्स संपल्यावर. वाढलेलं एन्झाइम दोन-चार आठवड्यांत ओसरतं आणि वाढवून ठेवलेला डोस अंगावर येतो. कार्डावर ‘उपचार पूर्ण’ असं लिहिलं जातं, वॉरफॅरिनचा डोस उतरवायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. त्या महिन्यात दर आठवड्याला आयएनआर हवा. शिवाय रिफाम्पिसिननं लघवी केशरी-लाल होतेच. तिला रक्त समजून घाबरू नये, आणि खरं रक्त आलं तर तिला रिफाम्पिसिन समजून सोडूही नये. शंका आली की लघवी तपासून घ्यावी.

रिव्हारोक्सॅबॅन, अॅपिक्साबॅन, डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांसोबत रिफाम्पिसिन घेऊ नये, आणि त्यांचा परिणाम आयएनआरवरून मोजता येत नाही.

दवाखान्यात ‘सुई द्या’ म्हणायची सवय इथं महागात पडते. आयएनआर वाढलेला असताना कमरेच्या स्नायूत इंजेक्शन दिलं की आत रक्ताची गाठ धरते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या नकोच. तापाला पॅरासिटामॉल, पण दिवसाला दोन ग्रॅमच्या वर सलग काही दिवस गेलं तर त्यानंही आयएनआर चढतो. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवा. काळी डांबरासारखी संडास, नाकातून न थांबणारं रक्त (घोळणा), डोक्याला मार लागला, कपाळ अचानक ठणकायला लागलं, तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो की अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय, जे जवळ असेल ते गाठा. वॉल्व्हच्या पेशंटला गावातच व्हिटॅमिन केचं इंजेक्शन टोचून घेऊ नका. तो निर्णय आकडा आणि रक्तस्राव पाहून होतो.

आकडाही खरा हवा. आयएनआरची नळी फिक्या निळ्या टोपणाची, आत रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, आणि प्रमाण नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. गावातल्या कलेक्शन सेंटरवर शीर सापडत नाही म्हणून नळी अर्धीच भरली, तर सायट्रेट जास्त पडतं आणि आयएनआर खोटा वाढलेला येतो. रेषेपर्यंत भरलीय का हे तिथंच बघून घ्यायचं. कुठं रक्त येत नाही, गोळी बदललेली नाही, तरी आकडा अचानक सहा-सात आला, तर त्याच दिवशी डॉक्टरला कळवून पुन्हा रक्त द्यायचं.