दुनळी कोणती घेऊ, असं तुम्ही विचारलंत म्हणून

‘क्ले शूटिंग, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडणं, सुरू करायचंय, वर-खाली नळ्यांची बंदूक घ्यायची आहे. बेरेटा घेऊ, पेराझी घेऊ की मिरोकू?’ सोलापुरात हा प्रश्न हल्ली बऱ्याचदा कानावर येतो, आणि विचारणारा उत्तरात कंपनीचं नाव ऐकायच्या तयारीत असतो. कंपनी शेवटी. आधी ट्रॅप की स्कीट ते ठरवा, मग खांद्याला लावायचा दस्ता तुमच्या अंगाला बसतो का ते पाहा. या दोन गोष्टी जुळल्या नाहीत तर इटलीतली कितीही भारी बंदूक घ्या, तबकडी तशीच उडत पलीकडे जाते.

ट्रॅपमध्ये तुम्ही तबकड्या फेकणाऱ्या खंदकाच्या 15 मीटर मागे उभे असता आणि तबकडी तुमच्यापासून दूर पळते. पहिला बार बहुधा 30-35 मीटरवर बसतो, दुसरा त्याच्याही पुढे. म्हणून ट्रॅपची बंदूक जड (3.6 ते 3.9 किलो), लांब नळ्यांची (30 किंवा 32 इंच) आणि घट्ट चोकची असते. चोक म्हणजे छरे एकत्र ठेवणारं नळीच्या तोंडाचं अरुंदपण. खालची नळी आधी उडते आणि तिला तीन-चतुर्थांश चोक असतो, वरच्या नळीला फुल. खालची आधी का, तर ती खांद्याच्या रेषेला जवळ असते. धक्का सरळ मागे येतो, तोंड कमी उसळतं आणि दुसऱ्या बाराला नजर तबकडीवरच राहते.

स्कीटमध्ये तबकडी समोरून आडवी जाते, तीही बहुतेक वेळा 20 मीटरच्या आसपास. तिथे फुल चोक लावला तर छऱ्यांचा पुंजका इतका लहान राहतो की नेम बोटभर चुकला तरी तबकडी सुटते. स्कीटला जवळजवळ उघडा चोक, 28 किंवा 30 इंची नळी आणि नऊ नंबरचे छरे. शिवाय ऑलिंपिक नियमांनुसार तबकडी दिसेपर्यंत दस्ता कमरेशी धरून ठेवावा लागतो, तेव्हा बंदूक खांद्याला झटकन आणि कुठेही न अडकता यायला हवी. दोन्ही प्रकारांत काडतूस 24 ग्रॅमचंच.

‘डबल ट्रॅपची आहे’ असं सांगून कुणी जुनी बंदूक दाखवली तर चोक तपासा. राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्सला रौप्य जिंकलं ते याच, दोन तबकड्या एकदम सोडण्याच्या प्रकारात. 2016 च्या रिओनंतर तो ऑलिंपिकमधून गेला. त्या बंदुकांची पहिली नळी अनेकदा मोकळ्या चोकची असते, कारण पहिली तबकडी जवळच फोडायची असे. चोक कायमचे असतील तर अशी बंदूक आजच्या ट्रॅपला अपुरी पडते.

आता दस्ता. कोटाला शिंपी लागतो तसा दस्त्यालाही माप घेणारा लागतो, पण निम्मं काम घरीच होतं. बंदूक रिकामी आहे हे ती मोडून (म्हणजे बिजागरीवर उघडून), दोन्ही नळ्यांतून आरपार बघून पक्कं करा. नंतर भिंतीवरच्या एका खुणेकडे बघा, डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावून गाल टेकवा आणि डोळे उघडा. नळीवरच्या रिब नावाच्या पट्टीवर मधला मणी आणि टोकाचा मणी इंग्रजी आठच्या आकड्यासारखे एकावर एक दिसले तर ट्रॅपसाठी उंची जमली. मधला मणी दिसतच नसेल तर दस्त्याची वरची धार, म्हणजे गाल टेकतो ती कड, खाली आहे. रिबची लांबच लांब पट्टी दिसत असेल तर ती फार वर आहे. मणी डावी-उजवीकडे सरकलेले दिसले तर दस्त्याचा बाक तुमच्या चेहऱ्याला बसत नाही. हे आठ-दहा वेळा करा. पहिल्यांदा मान आपोआप जुळवून घेते आणि खोटं उत्तर देते.

डावखुऱ्यांनी बाकाकडे जास्तच लक्ष द्यावं, कारण उजव्या हाताच्या दस्त्याचा बाक त्यांना उलटा पडतो. उजव्या हाताचे असून डावा डोळा प्रबळ असेल तर बंदूक बदलू नका. चष्म्याच्या डाव्या काचेवर अर्धपारदर्शक टेपचा छोटा तुकडा लावून बघा.

लांबी चापापासून दस्त्याच्या मागच्या रबराच्या मध्यापर्यंत मोजतात. कारखान्यातून येते ती साधारण 370-375 मिमी. साडेपाच फुटांच्या माणसाला 355-360 पुरते, मुलींना आणि ज्युनिअर मुलांना त्याहून कमी. दस्ता लांब असेल तर स्कीटमध्ये तो काखेत अडकतो. आखूड असेल तर अंगठ्याचं हाड नाकावर आदळतं. नाक आणि अंगठा यांच्यात दोन-तीन बोटं जागा हवी. लाकूड कापता येतं, जोडता येत नाही, तेव्हा एका वेळी 5 मिमीच काढा. आणखी एक. माप सोलापूरच्या एप्रिलमध्ये सुती सदऱ्यावर घेतलं आणि स्पर्धा दिल्लीच्या तुघलकाबाद रेंजवर डिसेंबरात आली, तर स्वेटरची जाडी लांबीत भर घालते. रबराखालच्या पातळ चकत्या काढता-घालता येतील असाच दस्ता घ्या.

वरची धार वर-खाली करता येणारा दस्ता मिळत असेल तर कोरीवकामाचे पैसे तिकडे वळवा. कागदावर मारून बघितल्याशिवाय उंची कळत नाही: 15 मीटरवर मोठा कागद लावा, खूण करा, रायफलसारखा नेम न धरता बंदूक खांद्याला लावली की बार काढा. चार-पाच बारांनंतर पुंजक्याचा मध्य दिसतो. ट्रॅपला तो खुणेच्या थोडा वर हवा, कारण तबकडी चढत असते. 60 टक्के छरे वर, 40 खाली ही सुरुवात चांगली. धार 3 मिमी उचलली की याच अंतरावर मारा साधारण साडेचार सेंटिमीटर वर जातो.

चोक बदलता येणाऱ्या नळ्या घ्याव्यात का? एकाच बंदुकीवर ट्रॅप आणि स्कीट दोन्ही करू, असं पुष्कळांना वाटतं. चोक बदलतो, दस्ता बदलत नाही, त्यामुळे दोन्हीकडे थोडंथोडं बिनसतं. तरी सुरुवातीला हा पर्याय वाईट नाही. फक्त चोक सैल होतात. प्रत्येक 25 तबकड्यांनंतर बंदूक रिकामी करून ते चावीनं तपासा.

चापाबद्दल मात्र दुकानात कुणी बोलत नाही. काही बंदुकांत दुसरी नळी तयार व्हायला पहिल्या बाराचा धक्का लागतो. पहिलं काडतूस फुसकं निघालं तर दुसरा बार नाही. यांत्रिक चाप असेल तर हा घोळ होत नाही. तसंच, शिकारीच्या बंदुकीत ती मोडली की सेफ्टी आपोआप लागते. स्पर्धेत तबकडी मागितली, ती निघाली आणि चाप दाबला जात नाही, हा प्रकार त्यामुळेच होतो. अशी सेफ्टी जाणकाराकडून हातानं लावायची करून घ्या.

सोलापूरची धूळ आणि ऊन वेगळेच. बिजागरीच्या ग्रीसमध्ये धूळ बसली की ती पोलाद घासते. रोज जुनं ग्रीस फडक्यानं पूर्ण पुसा आणि नवं अगदी पातळ लावा. काडतुसं मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. तापलेल्या दारूचा दाब वाढतो आणि धक्काही. पाण्याच्या बाटल्यांच्या थर्मास पेटीत ती बरी राहतात.

जुनी बंदूक बघायला गेलात तर नळ्यांखालचं पुढचं लाकूड काढून ठेवा, कारण त्याच्या ताणानं सैलपणा झाकला जातो. नळ्या एका हातात, दस्ता दुसऱ्या हातात धरून हलवा. ‘टक’ असं जाणवलं तर बिजागरी झिजली आहे. बंदूक उघडायची वरची किल्ली बंद झाल्यावर थोडी उजवीकडेच थांबायला हवी. मध्य ओलांडून डावीकडे गेलेली असेल तर कुलूपही झिजलंय. नळ्या सोडवून टांगा आणि बोटाच्या पेरानं हलकेच ठोका: आवाज खणखणीत हवा. बद्द आला तर रिबचं डाखकाम सुटलेलं असण्याची शक्यता मोठी. दोन्ही नळ्यांत डमी काडतुसं घालून चाप ओढा आणि मोडा. दोन्ही एकदम बाहेर उडायला हवीत.

कागदपत्रांचं थोडक्यात. सोलापूर शहरात राहत असाल तर परवाना पोलीस आयुक्तांकडे, तालुक्यात असाल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे. 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवान्यावर दोनच शस्त्रं ठेवता येतात. नामांकित नेमबाजांना वेगळी सवलत आहे, आणि परदेशातून आणायची वाटही राष्ट्रीय रायफल असोसिएशनच्या शिफारशीतूनच जाते. त्यामुळे बहुतेकांची पहिली बंदूक देशातल्याच दुसऱ्या परवानाधारकाकडून येते. पैसे देण्याआधी बंदुकीवरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्यावरच्या नोंदीशी अक्षरन्‌अक्षर जुळवा. मग विचारा: चोकची चावी, सुटे फायरिंग पिन आणि स्प्रिंग सोबत देताय का? पेराझीच्या बऱ्याच बंदुकांचा चाप पूर्ण बाहेर निघतो, त्यामुळे मोडलेली स्प्रिंग रेंजवर पाच मिनिटांत बदलता येते, पण ती खिशात असेल तर. सोलापूरच्या नवी पेठेत ती मिळायची नाही.