रावळगावची बरणी

आमचं किराणा दुकान मालेगाव कॅम्पात होतं. गल्ल्याशेजारी काचेच्या तीन बरण्या, त्यातली मधली रावळगावच्या गोळ्यांची. तिचं पत्र्याचं झाकण घट्ट लावायचं काम माझ्याकडे होतं. पावसाळ्यात झाकण जरा जरी सैल राहिलं तरी दोन दिवसांत कागद गोळीला चिकटून बसायचा, आणि तसली गोळी गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायला आण्णांचा जीव धजत नसे. मग त्या आम्हा भावंडांच्या वाट्याला यायच्या. कागदासकट तोंडात टाकायच्या आणि कागद सुटला की तो काढून टाकायचा.

दुकानात कुणी 'गोळ्या द्या' म्हणत नसे. 'आठ आण्यांचं रावळगाव द्या' असंच म्हणायचे. मुंबईचा आतेभाऊ सुट्टीत आला की त्याला पटायचंच नाही की रावळगाव हे खरोखरचं गाव आहे, आपल्याच तालुक्यातलं, तिथे एसटी जाते. शेवटी आण्णांनी त्याला एकदा स्टँडवर नेऊन गाडीची पाटी दाखवली.

या गावाची मूळची जमीन दगड-मुरमाची. सोलापूरच्या दोशी घराण्यातले वालचंद हिराचंद हे रेल्वेच्या कंत्राटांतून वर आलेले. बोरघाटातल्या बोगद्यांची कामं त्यांच्या कंपनीने केली. त्यांनी रावळगावचं हे दीड हजार एकर माळरान घेतलं तेव्हा तिथे ऊस होईल असं किती जणांना वाटलं असेल! पण दगड वेचून, पाणी फिरवून ऊस उभा राहिला, आणि १९३३ साली कंपनी निघाली. तिचं नाव रावळगाव शुगर फार्म. मला या नावातला 'फार्म' फार आवडतो. मळा आणि कारखाना एकाच नावात.

गोळ्या सुरू झाल्या १९४२ साली. वालचंदांनी १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला होता. युद्ध पेटलं होतं, आणि ४२ सालीच सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. त्यांनी विशाखापट्टणमला काढलेला जहाजांचा कारखानाही पुढे सरकारकडे गेला. म्हणजे ज्या वर्षी विमान हातातून गेलं त्याच वर्षी गोळी हातात आली, आणि ती पुढे ८२ वर्षं घरात राहिली. वालचंद १९५३ साली गेले. त्यांच्या पश्चात दोशी घराण्याच्या पुढच्या पिढ्यांनी ती चालवली.

आमचं एक गिऱ्हाईक गोळ्यांच्या खात्यात कामाला होतं. महिन्याचा किराणा बांधून होईपर्यंत काका बाकावर बसत आणि मी त्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडत असे. गोळी कशी होते ते मी त्यांच्याकडून ऐकलं. साखर आणि लिक्विड ग्लुकोज एकत्र उकळायचं, दीडशे अंशांच्या जवळपास. नुसती साखर घेतली तर पाक साखरतो, दाणे धरतो. मग गोळी काचेसारखी होत नाही. आंबट घालायचं ते पाक खाली उतरवल्यावर. उकळताना घातलं तर त्या आंबटाने साखर फुटते आणि गोळी चिकट होते. पाक जरा निवला की कणकेच्या गोळ्यासारखा मळायचा, दोरासारखा ओढायचा आणि साच्यात दाबायचा. 'यात पाणी किती राहतं, सांग?' ते विचारायचे. शेकड्याला दोन-तीन भाग! म्हणून तर ती गोळी हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणून तर झाकण घट्ट पाहिजे. हे कळल्यावर मला माझ्या कामाचा अभिमान वाटायला लागला.

१९६१ साली कमाल जमीनधारणेचा कायदा आला आणि पुढे उसाचे मळे सरकारी शेती महामंडळाकडे गेले. आजही आमच्याकडे लोक 'महामंडळाची जमीन' असंच म्हणतात. मळा गेला, पण कंपनीच्या नावात फार्म तसाच राहिला.

मग पान पसंद ही विड्याच्या चवीची गोळी आली. टीव्हीवर 'पान का स्वाद, गजब की मिठास' लागलं की आमच्या घरात आरडाओरडा, 'आपली, आपली!' जशी काही ती आमच्याच मागच्या अंगणात बनत होती. तिच्याबरोबर मँगो मूड आणि कॉफी ब्रेक. आण्णा स्वतः जेवणानंतर एक पान पसंद चघळत, त्यांचा तंबाखूचा विडा तिने सोडवला. या एका गोष्टीसाठी मी त्या गोळीची कायमची ऋणी आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी आली. रावळगावची सगळी नावं आणि पाककृती रिलायन्सच्या कंपनीने २७ कोटींना घेतल्या. जमीन, इमारत आणि यंत्रं दोशींच्या कंपनीकडेच राहिली. कारण त्यांनी उघड सांगितलं होतं. साखर, वीज, मजुरी सगळं महागलं आणि गोळीचा भाव वाढवायला वाव नाही. ते खरंच आहे. दुकानदाराच्या मुलीला कुणी समजावून सांगायला नको. रुपयाची गोळी सव्वा रुपयाला विकता येत नाही, सुट्टे चार आणे आता आहेत कुठे? आणि मोडीच्या बदल्यात गोळी द्यायची वेळही मोबाइलवर पैसे द्यायला लागल्यापासून फारशी येत नाही.

तरी मला ते फार लागलं. दुसऱ्या एखाद्या कंपनीचं नाव विकलं जातं तेव्हा ते नुसतं नाव असतं. हे गावाचं नाव आहे.

मी आण्णांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे भट्टी इथंच, आणि नाव मुंबईला?"

"हो, आण्णा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती मधली बरणी आहे का गं तुझ्याकडे?"

आहे. मी तिच्यात साबुदाणा ठेवते. झाकण अजून घट्ट बसतं.